मदत हवी आहे (तातडीची!): पिल्लांच्या मेंदूत एन्झाइम वाढतच नाहीये

पिपेटवाली: असिटिलकोलिनएस्टरेज (चेतापेशींतला निरोप्या रेणू तोडणारं एन्झाइम) मोजतेय, एलमन पद्धतीने (पिवळा रंग किती येतो त्यावरून). ५ आणि २० दिवसांच्या पिल्लांत चांगला फरक यायला हवा, पण माझे आकडे जवळजवळ सारखेच! तीनदा केलं. शुक्रवारी गाइडना आलेख दाखवायचाय. काय चुकतंय?

कोथरूडकर: कसली पिल्लं? आकडे मेंदूच्या दर ग्रॅम ओल्या वजनावर काढलेस की दर मिलिग्रॅम प्रथिनावर?

पिपेटवाली: विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले उंदीर, अजून कसली! प्रथिनावर.

जुनी_परीक्षानळी: तिथेच गोम आहे. नवजात उंदराचा मेंदू जवळजवळ नव्वद टक्के पाणी. वयाबरोबर पाणी घटतं, प्रति ग्रॅम प्रथिन वाढतं, मग भागाकारात एन्झाइमची वाढ दबते. ओल्या वजनावर काढ.

कोथरूडकर: काका, दबते हे मान्य, पण सपाट होत नाही. तुम्हाला दर धाग्यात पाणीच मुरताना दिसतं :)

आरवची_आई: माझं बाळ ४ महिन्यांचं आहे. ब्राह्मी घृताने हे एन्झाइम वाढतं का?

कोथरूडकर: ताई, बाळाच्या डॉक्टरांना विचारा. इथे उंदीर चाललेत.

लाल_दिवा: एलमन १९६१ ची पद्धत. सोडा ती. सरळ आरटी-पीसीआर करून एमआरएनए मोजा.

जुनी_परीक्षानळी: एमआरएनए म्हणजे एन्झाइम बनवायची नुसती चिठ्ठी, एन्झाइमची ॲक्टिव्हिटी नव्हे. यादी केली म्हणजे किराणा घरात आला का?

हडपसरी: बफरात ट्रायटन (पेशीपटल विरघळवणारं डिटर्जंट) घातलंस? सेंट्रिफ्यूज केलंस?

पिपेटवाली: नुसता फॉस्फेट बफर. फिरवून वरचं पाणी घेतलं. असंच करतात ना?

हडपसरी: सापडलं! हे एन्झाइम मेंदूत बरंचसं पेशीपटलाला चिकटलेलं असतं. वय वाढतं तसा चिकटणारा, चार एककांचा प्रकार वाढत जातो. म्हणजे गाळात मोठ्या पिल्लांचं जास्त गेलं, लहानांचं कमी. दोन्ही आकडे सारखे दिसणारच. १ टक्का ट्रायटन घालून पुन्हा कर. मग प्रथिन मोजायला लोरी पद्धत नको, ट्रायटनने गढूळ होतं, बीसीए पद्धतीने कर. आणि बफरात डीटीटी (गंधकवालं रसायन) चुकूनही नको, एलमनचं द्रावण त्यानेच पिवळंधमक होईल. गाळ ठेवलायस ना?

लाल_दिवा: पीसीआरला ही कटकटच नसते.

पिपेटवाली: २० दिवसांचा गाळ उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे. ५ चा आज सकाळीच धुऊन टाकला :( पाषाणला कुणाकडे बीसीए किट उसनं मिळेल? मी घ्यायला येते, फक्त संध्याकाळी विद्यापीठ चौकातून यायला लावू नका.