सर्टिफिकेटसोबत बिघाडही करून पाहा

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनची पहिली नोकरी शोधणाऱ्यांना "आधी सर्टिफिकेट, मग अर्ज" असा सल्ला दिला जातो; तो मला अर्धाच पटतो. आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्स अ‍ॅडमिनसाठीची सर्टिफिकेट परीक्षा, जरूर करा. त्यात पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं आणि रीबूटनंतर टिकेल तेच धरलं जातं. पण मी मुलाखती घेतो तेव्हा बिघाडाबद्दलच जास्त विचारतो.

म्हणून व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या मशीनवर) मुद्दाम घोळ घाला. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) उघडी ठेवलेली मोठी लॉग फाइल डिलीट करा. डिस्कवर एकूण किती जागा भरली ते सांगणारी डीएफ (df) कमांड डिस्क भरलेली दाखवेल, फाइल्सचे आकार मोजणाऱ्या डीयू (du) कमांडची बेरीज मात्र त्याच्याशी जुळणार नाही, कारण प्रोसेस फाइल सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. कोणत्या प्रोसेसने कोणती फाइल उघडी ठेवली आहे ते दाखवणाऱ्या एलएसओएफ (lsof) कमांडने ती प्रोसेस शोधा. हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याच्या अनुभवाचा रकाना कोरा असला तरी मी पुढचा प्रश्न विचारतो.