थंडरबर्डमध्ये मेल येतात, पण जात नाहीत (५३५ एरर)

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. आमचं रावेरला केळी व्यापाराचं ऑफिस आहे. गाडी भरून निघाली की संध्याकाळी दिल्लीच्या पार्टीला बिल आणि वजनाची पावती मेल करावी लागते. वडिलांना फोनवर ते जमत नाही, त्यांना मोठा स्क्रीन आणि कॉम्प्युटरवरचा थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रामच हवा. मागे भाच्याने जीमेलचा पासवर्ड बदलला. थंडरबर्डमध्ये गुगलची खिडकी आली, तिथे नवा पासवर्ड टाकला, येणारे मेल सुरू झाले. पाठवायला गेलं की मात्र ‘५३५ ५.७.८ युजरनेम अँड पासवर्ड नॉट अॅक्सेप्टेड’. परत पासवर्ड विचारतो, नवा टाकला तरी तेच. व्हॉट्सअॅपवर बिल टाकलं तर पार्टी म्हणते, आमच्या मुनीमजींना मेलवरच लागतं. काय करू?

भुसावळ_नेट
पोर्ट (मेल जायच्या दाराचा नंबर) २५ करून बघा. अँटिव्हायरस पण बंद करा थोडा वेळ.

धुळेकर_नाना
केळीवाला भाऊ, पोर्टला हात लावू नका. २५ तर नकोच, स्पॅममुळे बरेच इंटरनेटवाले तो बंदच ठेवतात. अन् ५३५ आला म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात, त्याने पासवर्ड बघितला आणि नाकारला. रस्ता बंद असता तर ‘टाइम्ड आउट’ आलं असतं. मी धुळ्यात दुकानदारांची टॅली अन् कॉम्प्युटर सांभाळतो. निम्मे लोक आलेला निरोप न वाचताच ओके दाबतात आणि मला फोन करतात, “नाना, काहीतरी इंग्रजीत आलं होतं.” तुम्ही आकडा लिहिला, तिथेच अर्धं काम झालं.

येणाऱ्या मेलचा सर्व्हर वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा; दोघांची सेटिंगही वेगळी. तुमचा येणारा ‘ओऑथ२’वर (पासवर्ड थेट गुगलच्याच खिडकीत टाकायची पद्धत) आहे, म्हणून गुगलची खिडकी आली. जाणारा अजून ‘नॉर्मल पासवर्ड’वर असणार. तिथे खात्याचा पासवर्ड कितीही बरोबर टाकला तरी जीमेल घेत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून बंद झाली.

अकाउंट सेटिंग्जमध्ये डाव्या यादीत अगदी खाली ‘आउटगोइंग सर्व्हर (एसएमटीपी)’ आहे. जीमेलची ओळ निवडून एडिट करा. मेल कुलूपबंद पाठवायची पद्धत पोर्टप्रमाणे निवडा: पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. दोन्ही चालतात, जोडी तेवढी जुळली पाहिजे. ऑथेंटिकेशन मेथड ‘ओऑथ२’. युजरनेममध्ये अख्खा ईमेल पत्ता. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेव्ह्ड पासवर्ड्स इथे जाऊन ‘एसएमटीपी’ने सुरू होणारी जुनी नोंद पुसा. थंडरबर्ड बंद करून उघडा अन् स्वतःलाच एक मेल पाठवा. हुई जाई काम.

केळीवाला_रावेर
नाना, केलं. पण आता गुगलची खिडकी उघडते आणि लॉगिन पुढे सरकतच नाही.

धुळेकर_नाना
भाच्याने कॉम्प्युटर ‘साफ’ करायचं काही टाकलंय का? त्याच प्रायव्हसीच्या पानावर ‘अॅक्सेप्ट कुकीज फ्रॉम साइट्स’ला टिक आहे का बघा. कुकी म्हणजे वेबसाइट कॉम्प्युटरवर ठेवते ती छोटी नोंद; ती बंद असली की ओऑथचं लॉगिन तिथेच अडतं.

केळीवाला_रावेर
टिक नव्हती! आता गेला मेल. वडिलांनी लगेच दोन गाड्यांची बिलं काढून दिली. भुसावळवाल्या दादांचेही आभार, पण अँटिव्हायरस चालूच ठेवलाय.

चोपडा_जिनिंग
नाना, आमच्याकडे मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं आउटलुक २०१० आहे. त्यात ओऑथ दिसतच नाही.

धुळेकर_नाना
दिसणार नाही, त्यात ते नाहीच. तुम्हाला अॅप पासवर्ड लागेल, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल बनवून देतं तो वेगळा पासवर्ड. आधी गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करा, त्याशिवाय तो बनत नाही. १६ अक्षरांचा मिळेल, तो आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाका. मोअर सेटिंग्जमध्ये आउटगोइंग सर्व्हरच्या टॅबवर ‘रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ला टिक आहे ना बघा; ती नसेल तर आउटलुक पासवर्ड पाठवतच नाही अन् ५३० (ओळख पटवा) हा एरर येतो. आणखी एक, गुगलचा मुख्य पासवर्ड बदलला की अॅप पासवर्ड रद्द होतात, मग नवा काढावा लागतो. पण खरं सांगू, इतकं जुनं आउटलुक हिशोबाच्या मशीनवर ठेवू नका. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट २०२० मध्येच थांबवलेत. थंडरबर्ड फुकट आहे, कापसाचा सीझन सुरू व्हायच्या आत बदलून घ्या.