डिफेंडर ऑटोकेएमएस दाखवतोय, दुर्लक्ष करायचं का?

साताराकर: बहिणीचा लॅपटॉप इथल्या दुकानात फॉर्मॅट करून आणला, तेव्हापासून डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटिव्हायरस, सारखा हॅकटूल ऑटोकेएमएस म्हणून लाल दाखवतोय. दुकानदार म्हणतो अॅक्टिव्हेटर आहे तो (लायसन्स न घेता विंडोज अॅक्टिव्हेट करणारं टूल), सगळ्यांकडे असाच असतो, एक्सक्लूजनमध्ये टाका, म्हणजे डिफेंडर तो तपासणारच नाही. ती त्याच्यावर लोकांचं जीएसटीचं काम करते, नेट बँकिंगपण तिथूनच. खरंच चालतं का असं?

बिट_बाइट: एक्सक्लूजनमध्ये अजिबात टाकू नका. दुकानदार अर्धंच खरं सांगतोय. केएमएस ही मोठ्या कंपन्यांसाठीची सोय, त्यांचा एक सर्व्हर ऑफिसातले बाकीचे पीसी 180 दिवसांसाठी अॅक्टिव्हेट करतो. हे टूल तसलाच खोटा सर्व्हर तुमच्या लॅपटॉपवर उभा करतं. त्यामुळे नुसतं हे नाव आलं म्हणजे पासवर्ड गेलेच असं नाही, पण त्याच्यासोबत आणखी काय आलंय हे कोण बघतंय? केएमएसपिको या अशाच टूलच्या साइट्स बघा, जी ती स्वतःला ऑफिशियल म्हणवते, झिपला पासवर्ड लावलेला असतो म्हणजे अँटिव्हायरसला आतलं दिसत नाही, आणि वर पहिलीच सूचना, अँटिव्हायरस बंद करा. 2021 मध्ये रेड कॅनरी या सायबर सुरक्षा कंपनीने असा एक इन्स्टॉलर तपासला तर आत क्रिप्टबॉट हा पासवर्ड चोरणारा व्हायरस निघाला. विंडोज व्यवस्थित अॅक्टिव्हेट होतं म्हणून कुणाला शंकाच येत नाही आणि मागच्या मागे ब्राउझरमधले पासवर्ड, कुकीज, क्रिप्टो वॉलेट सगळं बाहेर जातं.

नाना_पुणे: मी कित्येक वर्षं वापरतोय, काही झालं नाही. आणि बँकेला ओटीपी लागतोच की.

बिट_बाइट: नाना, चोरी झाली तरी स्क्रीनवर काही दिसत नाही हो. आणि कुकी, म्हणजे तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरची फाइल, गेली की जीमेल आधीच लॉगिन असल्यासारखं दुसरीकडे उघडतं, ओटीपी विचारतच नाही. मग त्या मेलवरून बाकीचे पासवर्ड रिसेट करायला कितीसा वेळ लागतो? इथे तर दुसऱ्यांची जीएसटीची कागदपत्रं आहेत.

मीनल_टेक: आधी मोबाइलवरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. फक्त कागदपत्रांचा बॅकअप घ्या, सेटअप फाइल एकही नको. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्ह बनवून स्वच्छ इन्स्टॉल. लॅपटॉप विंडोज 10 सोबतच घेतला असेल तर लायसन्स की बहुतेक लॅपटॉपच्या बायोस चिपमध्येच असते, तीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. नाही झालं तरी चालतं, कोपऱ्यात वॉटरमार्क येतो आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर, थीम बदलता येत नाही. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस टाका. हार्डवेअर चालत असेल तर विंडोज 11 घ्या, 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्येच संपला. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

साताराकर: घेताना विंडोज 10 होमच होतं, बिलावर लिहिलंय, दुकानदाराने प्रो टाकलंय. म्हणजे होमच टाकायचं ना?

मीनल_टेक: हो, होमच.