कोपर वर की खाली? पोरांना नावं ठेवायच्या आधी वाचा

जुळेसोलापूरकर : काल एका काकांनी लिहिलं, 'हल्लीचे जवान रायफल घेऊन छाती पुढं करून कुबडे उभे राहतात, कोपर लोंबतं. आमच्या वेळी आडवं, म्हणजे शत्रूकडं एक खांदा करून, उभं राहायचं, ट्रिगरच्या हाताचं कोपर खांद्याइतकं वर, नाहीतर उस्तादाची छडी.' डोकं फिरलं.
काका, ती पद्धत जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलची. तिची मूठ मागून आवळायची, कोपर आपसूक वर जातं, खांद्यात खळगा पडतो, त्यात बट, म्हणजे रायफलचा मागचा दस्ता, बसतो. एके-४७ला पिस्तूल ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी खाली उतरलेली मूठ. कोपर वर नेलं की मनगट पिरगळतं. वर अंगात गोळी अडवणाऱ्या प्लेटचं जाकीट. प्लेट छातीला आणि पाठीला. आडवं उभं राहिलात की उघडी काख शत्रूकडं. आणि खोलीत घुसताना बाहेर काढलेलं कोपर आधी चौकटीला धडकतं.

निवृत्तनाईक : मीच तो काका. थ्री-नॉट-थ्रीनंतरच्या एसएलआर रायफललाही पिस्तूल ग्रिप होती, तरी कोपर वरच ठेवलं. तिच्या ७.६२ मिमी गोळीचा धक्का खाल्लाय का कधी? खांदा निळा पडायचा. तुमच्या इन्सास रायफलची ५.५६ म्हणजे दिवाळीतली टिकली.

जुळेसोलापूरकर : म्हणजे रायफल बदलली, सवय राहिली. माझंच म्हणणं की ओ!

पाच्छापेठी : एनसीसीत आम्ही पॉइंट टू-टू रायफल लेटूनच मारली. पाचातल्या चार मातीत. उभं राहून नेम धरला तो गड्ड्याच्या जत्रेत, फुग्यांवर. तिथल्या बंदुकीची माशीच, नळीच्या टोकावरची नेमाची खूण, वाकडी असती बे. डावा फुगा धरला की उजवा फुटतो.

विडीघरकुल : माशी नाही, नळी वाकडी. मी डोळा लावून बघितलंय, दुकानदार ओरडला.

पाच्छापेठी : माशीच वाकडी. डोकं वापर.

विडीघरकुल : तू फुगेच मोज. तिकडं कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकहून रायफल नेमबाजीचं ब्राँझ आणलं.

निवृत्तनाईक : आणि उभ्यानं मारताना तो आडवाच उभा असतो! डावं कोपर कमरेला टेकवून. आता बोला.

जुळेसोलापूरकर : काका, समोरून त्याच्यावर कुणी गोळी झाडत नाही.

निवृत्तनाईक : तुम्ही शहाणे, आम्ही अडाणी. प्लेट असेल तर राहा समोर उभे. आमच्या अंगात सुती शर्ट होता. आडवं उभं राहून निम्मं अंग तरी वाचवायचं, दुसरं काय होतं हातात?

जुळेसोलापूरकर : हे कालच लिहिलं असतं तर भांडलोच नसतो.

पाच्छापेठी : काका, तुम्हीच सांगा, माशी की नळी?

निवृत्तनाईक : दोन्ही सरळ असतील. मारणारा वाकडा.