चालू इंजिन उघडायचंच कशाला? (जुना डिझेल पिकअप घरी करणाऱ्यांसाठी)

खटपट्या
टॉर्कमास्तरांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुना डिझेल पिकअप घरी करायला घेतला की केबिन आणि हौदा उतरवा, इंजिन बाहेर काढा, शेवटचा बोल्ट सुटा करा आणि मगच पुढचं बोला. 'चालू आहे म्हणून इंजिन न उघडणं हा निव्वळ आळस' हे त्यांचं वाक्य. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही. तिथे लिहायला घेतलेला प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

मास्तर, तुमच्याकडे इंजिन उचलायला साखळी-कप्पी असेल, भाग मांडून ठेवायला जागा असेल आणि घरच्यांनी तुमचा नादही सोडला असेल. बाकीच्यांचं काय होतं ते मी बघत आलोय. उत्साहाच्या भरात गाडी सुटी होते, नट-बोल्ट डब्यांत जातात, डब्यांवर काही लिहिलेलं नसतं, मध्येच दुसरं काहीतरी निघतं, आणि शेवटी 'अर्धं काम झालंय' असं सांगून ती भंगाराच्या भावात जाते. इंजिन सुरू होत होतं हो त्या गाडीचं!

माझं म्हणणं एवढंच की गाडी कायम हलती राहिली पाहिजे. एक काम उघडायचं, ते मिटलं की दुसरं. आधी चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि ब्रेक, इंजिन सगळ्यात शेवटी.

चेसिस म्हणजे काळा रंग मारून झाकलेली नव्हे. पेटी सेक्शन (चेसिसची पोकळ दांडी) आतून सडतो, बाहेर पत्ता लागत नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला की तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत घुसला तर इंजिनच्या गप्पा बंद, आधी वेल्डिंग. ब्रेकचे रबरी होजही तसेच. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून बंद. पेडल सोडल्यावरही एखादं चाक धरून राहतं ते बऱ्याचदा त्यामुळे.

आणि इंजिन? ते न उघडताही बरंच काही सांगतं. पूर्ण थंड असताना सुरू करा. पांढरा धूर येऊन थोड्या वेळात गेला तर हीटर प्लगपासून (थंड इंजिन सुरू व्हायला आत उष्णता देणारे प्लग) सुरुवात करा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि कितीतरी वेळा नुसता एअर फिल्टरच तुंबलेला असतो. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थरथरलं तर चालतं, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांकडे बघायला हवं. मग टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट करून हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा (डिझेलचाच गेज वापरा, पेट्रोलचा लावलात तर काटा कामातून जाईल). जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) चांगल्या इंजिनाला साधारण २५ ते ३० बार मिळतात. आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते बघा. जुळत असतील तर हेड (सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग) उतरवून नेमकं काय शोधणार आहात?

टॉर्कमास्तर
नाव घेऊन लिहिलंत हे बरं केलंत. आळस शब्द झोंबला याचा अर्थ तो नेमका बसला.

कॉम्प्रेशन बघून इंजिन पास करणारे तुम्ही पहिले नव्हेत. लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) पाण्याच्या बाजूने खाल्ला जातो हे कानावर आलंय का? पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो, लायनर थरथरतो, पलीकडे पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि फुटताना धातू कुरतडतात. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं साधं पाणी ओतून चालवलेली गाडी असेल तर धोका जास्तच. तो लायनर बाहेर काढा, एका बाजूला उभ्या पट्ट्यात सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतील. कॉम्प्रेशन मात्र भोक आरपार जाईपर्यंत झकास. मग पाणी ऑइलमध्ये, बेअरिंगा गेल्या, क्रँक गेला. हे तुमचं उलटं झाकण सांगणार आहे का?

घरी काम करतो म्हणजे डागडुजी करावी असं कुठे लिहिलंय? ज्यांना डब्यांवर चिठ्ठ्या लावायचा कंटाळा आहे त्यांनी नवी गाडी घ्यावी.

शेवंती
उघडणं सोपं असतं हो मास्तर. बंद करताना खरं कळतं.

माझ्या भावाने असाच सल्ला ऐकून चालू गाडीचं हेड उतरवलं. लेथवाल्याकडून घासून आणलं, व्हॉल्व लॅप केले (घासून घट्ट बसवले), सगळं चकाचक. हेड आणि ब्लॉकच्या मधली गॅस्केट मात्र दुकानदार 'हीच लागते' म्हणाला ती लावली. त्या इंजिनाला एकाच गॅस्केटच्या तीन जाड्या येतात. कडेला जीभ बाहेर आलेली असते, तिच्यावरच्या खाचा मोजून जाडी ओळखायची. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने मोजायचं आणि मग एक, दोन की तीन खाचांची ते ठरवायचं. जुनी गॅस्केट तर उतरवल्या उतरवल्या कचऱ्यात गेलेली. नवी जाड निघाली, कॉम्प्रेशन उतरलं. आधी अर्ध्या सेल्फला उठणारी गाडी आता बॅटरी रिकामी करून उठते.

टॉर्कमास्तर
तुमच्या भावाला डायल गेज माहीत नाही हा माझा दोष? आणि ब्लॉक पूर्वी घासलेला असेल तर जुन्या खाचा मोजूनही उपयोग नसतो. मोजायचं म्हणजे मोजायचं. पोस्टमध्ये मी स्पष्ट लिहिलंय, 'मापं घ्या'.

शेवंती
'मापं घ्या.' दोन शब्द. आणि केबिनचा रंग कसा उतरवायचा यावर चार परिच्छेद.

काळा_धूर
एवढी उघडाउघडी कशाला? टाकीत टू-स्ट्रोक ऑइल टाका, २०० ला १. इंजिनात डिझेल ढकलणाऱ्या पंपाचा खडखडाट बसतो, इंजिन मऊ चालतं. खरा घोळ हल्लीच्या डिझेलचा आहे. त्यातलं गंधक काढून टाकलं आणि गंधकच पंपाला वंगण देत होतं. जुने पंप त्याने मरतायत, पण त्यावर कुणी धागा काढणार नाही.

विदाप्रेमी
गंधक वंगण देत नव्हतं. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधली पृष्ठभागाला चिकटून राहणारी काही संयुगंही निघून जातात, वंगण कमी होतं ते त्यामुळे. हे कंपन्यांना माहीत असतं, म्हणून वंगणाचं ॲडिटिव्ह घालूनच डिझेल विकलं जातं. चाचणीत ६० अंशाला डिझेलमध्ये एक गोळी चकतीवर घासतात आणि पडलेला घासडाग मोजतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात तो ४६० मायक्रॉनच्या वर चालत नाही. तुमच्या टू-स्ट्रोकने हा डाग किती कमी होतो, काही विदा (डेटा)?

काळा_धूर
माझा पंप गप्प झाला, हा विदा. गोळ्या आणि चकत्या घासत बसलो असतो तर गाडी कधी चालवली असती?

विदाप्रेमी
आवाज कमी झाला म्हणजे झीज कमी झाली असं नसतं. डिझेल पेटायची वेळ जरा बदलली तरी खडखडाट बदलतो.

ग्रीसगन
दोघंही भांडताय, पण पंप कुठला ते कुणी विचारलं नाही. रोटरी पंप आतून सगळाच्या सगळा डिझेलवर भिजतो, त्याला वंगणाची काळजी रास्त आहे. इन-लाइन पंपाच्या (ज्यात प्रत्येक सिलिंडरचा दट्ट्या एका रांगेत असतो) कॅमला वेगळं ऑइल असतं, त्याला तुमच्या २०० ला १ चं फारसं सोयरसुतक नाही. त्यातलं ऑइल बदलायचं असतं हे मात्र निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

काळा_धूर
रोटरी आहे. आणि ऑइल टाकायच्या आधी शाफ्टजवळून गळत होता.

विदाप्रेमी
आणि आता?

काळा_धूर
कमी गळतो.

विदाप्रेमी
म्हणजे गळतोच. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचं डिझेल आलं तेव्हाही जुन्या पंपांचे सील गळायला लागले होते. सीलचं नायट्राइल रबर जुन्या डिझेलमधल्या ॲरोमॅटिक्स नावाच्या संयुगांमुळे फुगून बसलेलं असतं. ते प्रमाण घटलं की रबर आकसतं, आणि म्हातारं रबर असेल तर गळतं. त्यावर उपाय सील किट, व्हायटॉनचं (डिझेलला जास्त टिकणारं रबर) मिळालं तर उत्तम. बाटली नव्हे.

स्वच्छश्वास
मुळात हे धूर ओकणारे डबे दुरुस्तच का करायचे? वरच्या एकाही प्रतिसादात शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार नाही.

ग्रीसगन
नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) दाब सेट केलेला आणि टायमिंग (फवारायची वेळ) जागेवर असलेला जुना डिझेल धूर ओकत नाही. दुरुस्त न केलेला ओकतो. म्हणजे तुम्ही आमच्या बाजूचे झालात, या बसा.

स्वच्छश्वास
काळा धूर दिसत नाही म्हणजे बारीक काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड संपले असं नाही. पण इथे कुणाला ऐकायचं नाहीये, असो.

खटपट्या
धागा इंजिन उघडावं की नाही याबद्दल आहे, ही नम्र आठवण.

काळा_धूर
रच्याकने (जाता जाता), हे इंजिन शोधणाऱ्या खुद्द डिझेलसाहेबांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं. तेव्हा कुणी विदा मागितला नव्हता.

विदाप्रेमी
ते इंजिन ऑटो नावाच्या कंपनीने चालवून दाखवलं होतं. डिझेल यांनी पुढे त्याबद्दल सांगितलं, म्हणून श्रेय त्यांच्या नावावर चिकटलं. आणि ते एका जागी बसवलेलं इंजिन होतं, तुमचा चाळीस वर्षांचा रोटरी पंप नव्हे. घट्ट तेल ओढताना तो आधीच धापा टाकतो.

काळा_धूर
पुस्तकी पांडित्य पुरे. ज्यांचे हात काळे झालेले नाहीत त्यांच्याशी वाद नको. ज्याला खरंच काम करायचंय त्याच्यासाठी: इंजिन मिस करत असेल तर चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप ढिला करा, कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही ते बघा. डिझेल येतंय का तेही तिथेच बोट लावून कळतं. हे कुठल्या मानकात लिहिलेलं नसतं.

शेवंती
बोट लावून??

ग्रीसगन
अरे बाबा, ते वाक्य काढ आधी. नट अर्धा फेरा ढिला करणं ठीक, तेही जाड फडकं आणि चष्मा घेऊन. बोट अजिबात नाही. जुन्या नोझलसुद्धा शंभर बारच्या वर उघडतात, आणि पाइपला बारीक चीर असेल तर तो फवारा कातडी फोडून आत जातो.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीचं असंच झालं. तर्जनीच्या पेरावर एक ठिपका, रक्तसुद्धा नाही. फडक्याने पुसून तो संध्याकाळपर्यंत काम करत राहिला. रात्री तळहात सुजून बोटं मिटेनात. डॉक्टरांनी हात मनगटापर्यंत उघडून आतलं डिझेल धुऊन काढलं. बोट वाचलं, पण आता वाकत नाही. दुखत नाही म्हणून घरी बसायची ही जखम नव्हे, लागलीच दवाखाना गाठायचा आणि आत डिझेल गेलंय हे सांगायचं.

काळा_धूर
मी इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही.

शेवंती
त्या मिस्त्रीचंही त्या दिवसापर्यंत हेच म्हणणं असेल.

काळा_धूर
बरं, बोट नको. पुठ्ठा धरा. झालं समाधान? टू-स्ट्रोकवर मात्र मी ठाम आहे.

टॉर्कमास्तर
बाटल्यांचा बाजार उठला असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ. कॉम्प्रेशन आधी मोजावं, हे मान्य. मीही मोजतोच, पोस्टमध्ये लिहायचं राहिलं इतकंच, त्यामुळे कुणी लगेच गुलाल उधळू नये. आणि चेसिस सडलेली असताना इंजिनवर खर्च करणं मूर्खपणा आहे हे मी कधीच नाकारलं नव्हतं. पण खटपट्यांनी लायनरचं उत्तर अजून दिलेलं नाही. टू-स्ट्रोक, शेंगदाणे, सगळं झालं, लायनर तिथेच.

खटपट्या
उत्तर द्यायला मला कुणी जागा ठेवली होती?

लायनरचा मुद्दा बिनतोड आहे, कॉम्प्रेशनने ते कळत नाही. पण त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही. वेट लायनरचं (ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं) इंजिन असेल तर ऑइल काढून संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खाली घ्या. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि रात्रभर तसंच सोडा. सकाळी खालून टॉर्च मारा. लायनरच्या आतून पाण्याचा ओघळ आला असेल तर भोक पडलंय. लायनर जिथे ब्लॉकमध्ये बसतो त्या कडेने आला असेल तर रबरी रिंगा गेल्यात. कोरडं असेल तर सगळं जुनं पाणी काढा, सिस्टीम धुवा आणि डिझेल इंजिनाला चालणारं, गंज आणि कुरतड रोखणारं कूलंट भरा. अर्धवट कुरतडलेला लायनर यातून दिसणार नाही, खरं आहे. पण ज्या कारणाने तो कुरतडला जातो ते तरी थांबतं. संप खाली आहेच तर एक बेअरिंग कॅप काढून शेलही (आतली बेअरिंगची पत्ती) बघून घ्या.

टॉर्कमास्तर
संप उतरवला, बेअरिंग कॅप काढली. म्हणजे इंजिन उघडलंच की! मुद्दा मान्य केल्याबद्दल आभारी आहे.

खटपट्या
संध्याकाळी संप परत लागतो आणि गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर येते. तुमची कुठे आहे सध्या?

टॉर्कमास्तर
केबिन रंगाला गेलीय. होईल.