शब्दचर्चा : साळुंकी ‘तेलफणी’ करते, असं लिहावं का?

विचारणा, पुण्याहून

निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा परसात घेते आणि येणाऱ्या पाखरांची वही लिहिते. नावं अडत नाहीत. दयाळ, शिंपी, बुलबुल, साळुंक्या, सातभाई सगळे ओळखीचे. अडतात ती क्रियापदं. साळुंकी अंग फुलवून एकेक पीस चोचीतून ओढून काढते, त्याला काय म्हणावं? काल ‘पिसे साफ करत होती’ असं लिहिलं आणि वाचताना खाटकाचं दुकान आठवलं. तसंच मांजर दिसल्यावर सातभाई जो प्रकार करतात तो, आणि चिमण्यांची धुळीतली अंघोळ. पुस्तकी शब्द नकोत, वापरातले सांगा.

सावंतवाडीहून

ताई, परसाला आम्ही मागीलदार म्हणतो, आणि मागीलदारच्या शेवग्यावर साळुंकी तशी बसली की आमची आजी म्हणायची, ‘तिची तेलफणी चाललीय, आता हलायची नाही.’

नाशिकहून

तेलफणी गोड आहे, पण निरीक्षणाच्या वहीत जरा लाडिक वाटतं. ‘पिसे विंचरणे’ पुरे.

अमरावतीहून

लाडिक कसलं, तेलफणीच अचूक आहे! बहुतेक पक्ष्यांच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, तेलाची एक ग्रंथी असते. पक्षी तिथे चोच घासतो आणि ते तेल पिसांवर फिरवतो. पिसाचे बारीक तंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात. ते सुटले की चोचीतून ओढून पुन्हा जुळवून घेतो. म्हणजे आधी तेल, मग फणी. ‘विंचरणे’ म्हटलं की फणी आली, तेल राहिलं. आजींनी ग्रंथी पाहिली नसेल, पण मान मागे वळते ती कशाला हे बरोबर पाहिलं होतं.

आता गंमत अशी की स्वतःच्या डोक्याला चोच पोचत नाही. तिथे पायाच्या नखांनी खाजवायचं, नाहीतर दुसऱ्याकडून करून घ्यायचं. आमच्या सांदवाडीत (तुमचं परस, त्यांचं मागीलदार) सातभाई फांदीवर चिकटून बसतात आणि एकमेकांच्या मानेत चोची घालतात. त्याला आमच्या घरी सरळ ‘उवा पाहणं’ म्हणतात. दुपारी ओट्यावर बसलेल्या बायका डोळ्यांपुढे येतात.

नाशिकहून

ग्रंथीचं ठाऊक नव्हतं. विंचरणे मागे घेतो.

सातभाई आणि मांजर यासाठी ‘कलकलाट’ चालेल ना?

सावंतवाडीहून

नाही चालणार. कलकलाट ते उगाचही करतात, दिवसभर. मांजर, साप किंवा शिक्रा दिसला की आवाज वेगळा होतो, थव्यातला एक ओरडतो आणि बाकीचे धावून येतात. त्याला ‘हाकाटी’ म्हणा. हाकाटीत दुसऱ्याला बोलावणं आहे, संकटाची खबर आहे. नंतर सगळे मिळून त्या मांजराच्या मागे लागतात, ते ‘पिटाळणे’. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वहीत वेगळ्या लिहा. मी मध्ये कुठे तरी ‘झुंडाक्रमण’ वाचलं. ते वाचून मांजरच हसेल.

कोतवाल तर एकटाच पिटाळतो. घरट्याजवळ आलेल्या कावळ्याच्या, अगदी घारीच्याही पाठीस लागतो. नाव उगाच पडलेलं नाही.

विचारणारी

हाकाटी पसंत. पण याच सातभाईंच्या घरट्यात पावशा अंडं घालून जातो आणि हे सगळे मिळून त्याचं पिल्लू वाढवतात. तिथे कशी हाकाटी होत नाही? असो, हा शब्दांचा प्रश्न नाही.

चिमण्यांचं राहिलं.

अमरावतीहून

‘धूळस्नान’ छापील आहे. मी ‘मातीत न्हातात’ लिहीन. ‘लोळतात’ नको, लोळतं ते गाढव. चिमणी पोटाने लहानसा खळगा करते, पंखांनी धूळ अंगावर उडवते आणि शेवटी सगळं झटकते. अंगावरचे किडे-पिसवा जाव्यात म्हणून ही उठाठेव. यात न्हाण्याची सगळी रीत आहे, फक्त पाणी नाही.

ठाण्याहून

उशिरा आलो. ‘टिपणे’ कुणी काढलाच नाही? पाखरू दाणा टिपतं, टीपकागद शाई टिपतो, आई पदराने डोळे टिपते, शिकारी सावज टिपतो आणि ताई वहीत टिपणं काढतात. सगळीकडे नेमकं तेवढंच उचलणं आहे. म्हणून ‘चिमणीने दाणे खाल्ले’ वाचलं की मला चुकल्यासारखं वाटतं.

चालण्याचंही बघा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते, साळुंकी माणसासारखी एकेक पाय टाकत चालते. धोबी तुरुतुरु पळतो आणि थांबला की शेपटी आपटतो, कपडे धुतल्यासारखी. कावळ्याला दोन्ही येतं, चालतोही आणि उड्याही मारतो. पण भारद्वाजाला शब्द सापडत नाही मला. तो कसा चालतो?

सावंतवाडीहून

दबकत. पण चोरासारखं नाही, कुणाकडे तरी देणं मागायला आल्यासारखं. आणि त्याचं दर्शन शुभ मानतात, त्यामुळे त्याला हुसकतही कुणी नाही.