विषय: डिचोलीच्या शाळेचा अर्ज – फुकटचं साहित्य शोधायला पैसे कशाला?

शिक्षण समितीकडून

नमस्कार मंडळी,

यंदा आपल्या परदेशातल्या मंडळाच्या शाळा-मदत निधीसाठी गोव्यातून आलेल्या अर्जांत डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या मराठी शाळेचा अर्ज आहे. पुस्तकं आणि सॉफ्टवेअर या दोन्ही रकान्यांत त्यांनी शून्य लिहिलंय. निम्म्याहून जास्त रक्कम मात्र "मुक्त शैक्षणिक साहित्य शोधणे, तपासणे व वर्गाला जुळवणे : शिक्षकांचे मानधन" या एका कलमावर मागितली आहे. समितीतल्या तिघांना एकच प्रश्न पडला: साहित्य फुकट मिळतं, तर शोधायला पैसे का? माझं शाळेचं शिक्षण म्हापशात झालं, त्यामुळे अर्ज बाजूला ठेववत नाही. त्या शाळेच्या बाई याच ई-मेल यादीवर आहेत, म्हणून त्यांनाच विचारतो.

डिचोलीहून, बाई

नमस्कार दादा, आणि सगळ्यांना,

विचारलंत ते बरं झालं. अर्जाच्या रकान्यात हे मावत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एका भल्या देणगीदाराने आम्हाला स्मार्ट क्लास दिला. मोठा पडदा, प्रोजेक्टर आणि एका कंपनीचे तयार धडे. मुलं हरखून गेली. वर्ष सरलं तशी वर्गणी संपली आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. वर्षभर शिकवलेला एकही धडा आम्हाला उघडता येईना. पडदा आजही भिंतीवर आहे, धडे गेले. तेव्हाच ठरवलं, यापुढे पैसे मागायचे ते शाळेपाशी कायम राहील अशाच गोष्टीसाठी.

मुक्त साहित्य म्हणजे काय, यावर आमच्या शिक्षकांतही गोंधळ होता. इंटरनेटवर फुकट दिसतं ते सगळं मुक्त, असं धरून चालायचो. 'बालभारती'ची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, पण हक्क राखीव आहेत. वाचा, शिकवा, पण त्यातलं पान कापून, बदलून स्वतःची पुस्तिका छापता येत नाही. मुक्त साहित्यावर परवाना लिहिलेला असतो, बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा. त्यातली अक्षरं अटी सांगतात. बीवाय (BY) म्हणजे मूळ लेखकाचं नाव द्या आणि हवं ते करा. एसए (SA) म्हणजे बदललेलं साहित्यही त्याच अटीवर पुढे द्या. एनसी (NC) म्हणजे त्यावर धंदा करू नका. एनडी (ND) असेल तर बदल करून पुढे वाटायला बंदी. आम्हाला ही शेवटची दोन अक्षरं दिसली की पान मिटायचं, कारण गोव्यात बदल केल्याशिवाय भागत नाही.

का, ते सांगते. चौथीला शेती आणि पाण्याचा एक धडा आम्ही नेटवरून घेतला. मराठी छान, मजकूर बिनचूक. चित्रात विहीर, मोट, ज्वारीचं शेत. चोडण बेटावरून येणारा एक मुलगा बराच वेळ चित्र बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्या शेताक मानस खंय आसा?" म्हणजे, या शेताला पाणी अडवणारी झडप कुठे आहे? त्याच्या घरची शेती खाजनाची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली. भरतीचं खारं पाणी बांधावर अडतं, मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. खारं सोसणारं कोरगूट भात त्याने हाताने लावलंय. त्या धड्यात त्याचं शेत शेतच नव्हतं.

धडा बीवाय-एसए होता, म्हणून आम्ही हात घालू शकलो. बाष्पीभवन आणि पावसाचा मजकूर तसाच ठेवला. विहिरीच्या जागी त्या मुलाच्या वडिलांनी ओहोटीच्या वेळी काढलेला मानशीचा फोटो घातला. भरती-ओहोटीवर एक पान नव्याने लिहिलं. खाली मूळ लेखकाचं नाव, परवाना आणि आम्ही काय बदललं त्याची एक ओळ. एवढ्याला दोन शिक्षिकांचे तीन शनिवार गेले. अर्जातलं मानधन या शनिवारांचं आहे.

शोधायला जागा पुष्कळ आहेत. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' 2015 पासून आहे, बीवायवर, मराठीबरोबर कोंकणीतही. एनसीईआरटीचं मुक्त साहित्याचं भांडार 2013 पासून, केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे शिक्षणाचं संकेतस्थळ 2017 पासून. विज्ञानासाठी कोलोराडो विद्यापीठाचे 'फेट'चे प्रयोग. विजेचं सर्किट मुलं पडद्यावर जोडतात, मराठीत. आणि आपल्या घरचं: गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड 2013 मध्ये बीवाय-एसएवर खुले केले. गावं, सण, झाडं, नद्या यांच्या नोंदी आम्ही तिथून मराठीत करून घेतो. गोव्याबद्दल इतकं नेमकं दुसरीकडे मला मिळालेलं नाही.

पण प्रत्येक गोष्ट वाचून पाहावी लागते. "पातळी 1" लिहिलेल्या गोष्टीत जोडाक्षरांची रास असते. काही भाषांतरं यंत्राने केल्यासारखी, ती मुलांपुढे ठेववत नाहीत. परवानेही एकमेकांत मिसळत नाहीत. विकिपीडियाचा मजकूर बीवाय-एसए आणि खान अकॅडमीचा बीवाय-एनसी-एसए. दोन्ही कालवून एक धडा केला तर एकाची तरी अट मोडते. शेजारी शेजारी ठेवता येतात, एवढंच.

शेजारच्या सरकारी प्राथमिक शाळेला 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून संयुक्त अनुदान मिळतं, 30 पर्यंत मुलं असली तर वर्षाला 10,000 रुपये. त्यात दुरुस्ती, खडू, वीजबिल आणि किमान दहा टक्के स्वच्छता. शिक्षकाच्या शनिवाराला तिथे जागाच नाही. आम्ही जे तयार करू ते त्या शाळेलाही जाईल, वाळपईलाही, पेडण्यालाही. म्हणून अर्जात शेवटी लिहिलंय की या पैशातून झालेलं सगळं बीवाय-एसएवर खुलं राहील. ती ओळ कृपा करून काढू नका.

उरलेली मागणी छपाई आणि एका लहान संगणकाची. पावसात आमच्याकडे लाईट जाते, रेंज जाते. त्या संगणकावर 'कोलिब्री' आणि 'किविक्स' ही फुकटची सॉफ्टवेअरं भरून ठेवली की इंटरनेटशिवाय वर्गातल्या टॅबवर धडे आणि विकिपीडिया उघडतात. बॅटरीवरही चालतं.

तुमची,
बाई

खजिनदार

बाई, माझं मत तुमच्या बाजूने. पण चेक फाडण्याआधी सगळ्यांनी हे नीट वाचा, नाहीतर मदत करायला जाऊन शाळेला अडचणीत आणू.

आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे. भारताच्या विदेशी योगदान कायद्याने, म्हणजे एफसीआरएने, मंडळाचा पैसा हा विदेशी पैसा. शाळेच्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर तो घेता येत नाही. नोंदणीला संस्था 3 वर्षं जुनी लागते, त्या काळात मूळ कामावर 15 लाख रुपये खर्च झालेला लागतो, आणि खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. एका देणगीसाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण त्याला वेळ जातो. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे पाठवून तिने शाळेला द्यावेत, हा रस्ता 2020 च्या दुरुस्तीने बंद झाला. बॅगेतून लॅपटॉप नेऊन द्यायचं कुणाच्या मनात असेल तर वस्तूंनाही हाच कायदा.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत थेट शाळेला दिलेली देणगी विदेशी धरत नाहीत. इथलं नागरिकत्व घेतलेल्यांची धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) असलं तरी. आणि सगळ्यांनी मिळून गोळा करून एका भारतीय पासपोर्टवाल्याच्या नावाने पाठवणं हे चूक आहे. मी त्यात सही करणार नाही.

एक सभासद (मूळ फोंडा)

माझ्याकडे ओसीआय आहे, म्हणजे माझे पैसे चालणार नाहीत. वाईट वाटलं. पण मी वीस वर्षं मराठी-इंग्रजी भाषांतर केलंय, आणि शनिवार माझ्याकडेही आहेत. मानशीचा तो धडा पाहायला मिळेल का?

डिचोलीहून, बाई

वहिनी, धडा सोबत जोडलाय. तुमच्या पत्राने मला अर्ज पुन्हा लिहावासा वाटला.

खजिनदारकाका, ट्रस्टच्या सीएंना विचारलं. आमची एफसीआरए नोंदणी नाही. तेव्हा मंडळाकडे केलेला अर्ज मी मागे घेते. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांपैकी कुणाला संगणक आणि छपाईसाठी द्यावंसं वाटलं तर थेट ट्रस्टच्या खात्यात द्यावं, पावती लगेच मिळेल. पासपोर्टची प्रत आम्ही फाइलला लावून ठेवू. वीज नसताना चालणारा तो एक संगणक मला या पावसाळ्यापुरता पुरे.

काम दोन ठिकाणी वाटून घेऊ. शोधणं आणि पहिली चाळण तुमच्याकडे. परवाना कोणता, लेखक कोण, दुवा कुठला, भाषा मुलांना झेपेल का, एवढं एका तक्त्यात लिहायचं. त्याला कायद्याची आडकाठी नाही, साहित्य मुक्त असल्याने कुणाची परवानगीही नको. वर्गाला जुळवणं आमच्याकडेच राहू दे. कुठल्या मुलाच्या घरी कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे आणि कोणाचे वडील मानशीवर मासे धरतात, ते इथे बसूनच कळतं. त्या शनिवारांचं मानधन ट्रस्ट गोव्यातूनच उभं करेल, मी सभेत विषय मांडलाय.

पहिला विषय पाचवीचा, "आपल्या परिसरातली झाडं". तांबडी माती, कुळागर, माड, पोफळ, भिरंड (कोकम), काजू यांवर बीवाय किंवा बीवाय-एसए फोटो हवेत, झाडाचं पान जवळून दिसेल असे. विकिमीडिया कॉमन्सवर सुरुवात करा. भिरंडाच्या नावाखाली भलत्याच झाडाचे फोटो मला दोनदा मिळालेत, तेव्हा शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असल्याची खात्री करूनच तक्त्यात घाला.

देव बरें करूं.
बाई